कारण (एका ओळीत लिहा)

अर्जात कारणासाठी एकच ओळ आहे,
ठिपक्यांची, वीतभर.
मी लिहिलं : मूत्रपिंड.
मग वाटलं, हे तर नाव झालं, कारण कुठे?
म्हणून पुढे लिहिलं : दोन्ही.

आवेलिना मॅडम चष्म्यावरून बघते.
पणजीच्या या शाखेत आठ वर्षांपूर्वी
तिनंच उघडली होती माझी फाइल.
मी बेळगावला निघाले होते फिजिओथेरपी शिकायला,
लोकांचे आखडलेले खांदे सोडवायला.
तेव्हा तिनं पेढे मागितले होते.
आज विचारते, "जेवलें गो?"
आणि स्क्रीन माझ्याकडे वळवते,
नियमाबाहेर, अर्धीच.

मुदतवाढ मिळेल म्हणते. वर्षभर हप्ता नाही.
डॉक्टरांचा दाखला हवा, शिक्क्यासकट,
आणि शिक्का गोल हवा,
मागच्या खेपेला चौकोनी होता.
व्याज?
ते चालू राहील.
व्याजाची तब्येत ठणठणीत.

नाहीतर हप्ता लहान करून पंधरा वर्षांवर नेता येईल.
मी बोटांवर मोजलं : तेव्हा मी एक्केचाळीस.
बांबोळीच्या डॉक्टरांनी
इतक्या लांबचं मला कधीच काही सांगितलं नाही.
बँकेचा माझ्यावर भरवसा जास्त.

विम्याचंही कलम निघालं.
पैसे तेव्हाच कापले होते, कर्जातूनच.
मी हरखून वाचत गेले,
तर शेवटच्या ओळीत : मृत्यू झाल्यास.
आवेलिनानं पान झटकन खाली सरकवलं,
पोरं समोर असताना चॅनल बदलतात तसं.

म्हणजे मेलेली मी कर्जमुक्त.
धडधाकट मी वेळेवर भरणारी.
आणि मंगळ, गुरू, शनी
चार-चार तास यंत्राला जोडलेली जी कोण आहे,
तिचं सगळं रक्त बाहेर जातं, धुऊन परत येतं,
त्यावर कुणी व्याज लावत नाही.
पण तिच्यासाठी अर्जात रकाना नाही.

जामीनदार : दत्ताराम शिरोडकर. माझा मामा.
चोडणच्या फेरीबोटीवर दोर टाकतो.
आठ वर्षांपूर्वीच्या त्याच्या सहीशेजारी
ग्रीसचा अंगठा अजून आहे.
नोटीस त्यालाही गेली होती.
घडी घालून त्यानं ती खिशात ठेवली,
मला सांगितलं नाही,
शर्ट धुताना मामीला लगदा सापडला.

मामानं आधी मूत्रपिंड देऊ केलं.
जुळलं नाही.
मग प्रॉव्हिडंट फंड देऊ केला.
तो जुळत होता.
मी नाही म्हटलं तर दोन दिवस बोलला नाही माझ्याशी,
पण फेरीवर मी दिसले की
माझ्यासाठी इंजिनाजवळची उबदार जागा
कोंबड्यांच्या टोपल्या हलवून रिकामी करत होता.

संध्याकाळी रायबंदरचा धक्का.
पायी माणसाला फेरीत तिकीट नाही,
आज दिवसभरात फुकट मिळालेलं एवढंच.
दिवसाला पाऊण लिटर पाणी मला.
समोर अख्खी मांडवी.
मी तिच्याकडे बघत नाही, कठड्याकडे बघते.
डाव्या मनगटावर बोट ठेवलं
की कातडीखाली शीर घरघरते,
खाली इंजिन घरघरतं,
कुठली कुठली ते काही वेळ कळत नाही.

मुदतवाढीवर जामीनदाराची पुन्हा सही लागते.
मामा कठड्यावर कागद पसरतो.
वारा. मी दोन कोपरे धरते, तिसरा शाळेतली एक पोर धरते.
पेन चालत नाही.
तळहातावर गिरवून गिरवून तो ते चालू करतो,
सही करतो, पूर्ण नावाची, वळणदार,
मग कारणाची ओळ वाचतो.
वाचायला दोनच शब्द, त्याला वेळ लागतो.
"हांव आसां न्ही," म्हणतो,
आणि दोर घ्यायला जातो. चोडण आलंय.

दोन शब्दांपुढे बरेच ठिपके उरलेत.
आवेलिनानं शिकवलंय :
मोकळी जागा सोडायची नाही,
मागाहून कुणी काहीही भरतं.
मी त्यावर आडवी रेघ मारते.
फेरी धक्क्याला लागते,
रेघ थोडी हलते.