आठपैकी

सिमला ऑफिसात एकतीस वर्षं मी आकाश मोजलं.
त्याचे मनातल्या मनात आठ भाग करायचे,
ढगांनी किती खाल्ले ते लिहायचं:
आठपैकी तीन, आठपैकी सात.
तीन तासांनी पुन्हा गच्ची, पुन्हा मान वर.
लोकांना वाटायचं,
या बाईला सरकार वर बघण्याचा पगार देतं.
देतच होतं.

आता कर्वेनगरात, जेवणाच्या टेबलावर,
मी आणि माझी नणंद शरयू
नॉर्वेचा नकाशा पसरून बसतो.
कोपरे उडू नयेत म्हणून
एकीकडे लिंबाच्या लोणच्याची बरणी,
एकीकडे तिच्या बीपीच्या गोळ्या.
ट्रॉम्सो हे नाव तिच्या जिभेवर बसेना,
दोन दिवसांत त्याचं त्र्यंबक झालं.
मार्चमध्ये त्र्यंबकला जायचं.
शेजारच्या देवस्थळीबाईंनी अर्धवट ऐकलं
आणि नारायण नागबळीसाठी
ओळखीच्या गुरुजींचा नंबर देऊन गेल्या.

टूरवाला पोरगा म्हणाला,
सहा रात्री, रोज संध्याकाळी वरणभात,
उजेडाची मात्र गॅरंटी नाही.
शरयू म्हणाली, मग वरणभाताचे किती
आणि उजेडाचे किती, वेगवेगळं लिहून द्या.
मला त्याचा राग आला नाही.
आमच्याच खात्यातला वाटला तो.
आम्हीही जन्मभर 'तुरळक ठिकाणी' म्हटलं, 'शक्यता' म्हटलं,
आणि अख्खं पुणं आमच्यावर हसत
छत्री घरी ठेवून बाहेर पडलं.

तिची एफडी जानेवारीत पिकते.
माझ्या पाटल्या लक्ष्मी रोडवर वजन करून आणल्यात.
त्या सुनेला जायच्या होत्या.
सून म्हणाली, आई, जा तुम्ही.
मुलगा अजून काही म्हणालेला नाही.

रोज झोपताना फोनवर तिथले ढग बघते.
आठपैकी आठ.
आठपैकी सात.
आठपैकी आठ.
शरयूला सांगते, ठीक आहे हवा.

काल रंगीत तालीम केली.
डिसेंबर, पारा नऊवर, रात्रीचे साडेअकरा.
तुळशीबागेतले लोकरी मोजे, दोन-दोन स्वेटर,
आणि शरयूच्या डोक्यावर तिच्या भावाची माकडटोपी.
त्याला थंडी अजिबात सोसायची नाही.
त्याच्याबद्दल आम्ही नकाशाच्या टेबलावर
फारसं बोलत नाही.
तासभर गप्प उभं राहायचं ठरलं होतं.
चौदाव्या मिनिटाला ती म्हणाली,
तिकडे बर्फात बाथरूमची काय सोय?

उत्तरेला शहराचा केशरी उजेड साचलेला,
लोहगावला उतरणारं एक विमान.
आकाश आठपैकी शून्य.
इतकं मोकळं, की बघायला काही नाही.

मग समोरच्या, पुनर्विकासाला काढलेल्या इमारतीत
रात्रपाळीच्या मजुरांनी हॅलोजन लावले.
अकराव्या मजल्यावरून सोडलेली हिरवी जाळी
आतून पेटली.
वारा आला तशी घडीघडीनं सरकत गेली,
वरून खाली, मग डावीकडे, मग
जागच्या जागी थरथरत राहिली.
आत कुणीतरी लोखंड कापत होतं,
जाळीच्या कडेला मधूनच गुलाबी ठिणग्या.

शरयूनं माझा दंड धरला.
वहिनी, हे असंच असतं का?

न पाहिलेलं मी कधी नोंदवलं नाही.
म्हटलं, माहीत नाही गं. मी पाहिलेलं नाही.

असं असेल, ती म्हणाली,
तर पाटल्या मोडायला हरकत नाही.
आणि टोपी कानांवर आणखी खाली ओढून
तिथेच उभी राहिली, मजुरांनी दिवे घालवेपर्यंत.

खाली येऊन आलं घालून चहा केला.
जुन्या सवयीनं वही काढली:
तारीख, वेळ, तापमान, ढग शून्य.
शेऱ्याच्या रकान्यात
पेन बराच वेळ टेकवून ठेवलं.
मग लिहिलं,
बाथरूमचं विचारणे.