पट्टा सोडून

फेब्रुवारीत समुद्र पुरेसा गोठला
की हीउमा बेटावरून पलीकडे गाडीनं जाता येतं.
काठावर पाटी: सीटबेल्ट काढा.
एरवी पट्टा नाही म्हणून दंड लावणारा शिपाई
इथं काचेशी वाकून बघतो, सोडलाय ना.
बर्फ फुटलाच तर बाहेर पडता यायला हवं.

मी निघालो होतो हाप्सालूच्या सभेत भांडायला.
शेजारच्या सीटवर मंत्रालयाचं परिपत्रक, चार पानी:
यापुढे डॉक्टरांनी कंपनीचं नाव लिहू नये,
फक्त औषधद्रव्याचं लिहावं,
स्वस्तात स्वस्त कोणती, ते दुकानदार बघेल.

भाषण तोंडपाठ होतं.
पेशंट माझा, सही माझी,
चुकलं तर झोप माझी उडते, मंत्र्याची नाही.
बायकोला दोनदा म्हणून दाखवलं.
दुसऱ्यांदा ती माशाचे खवले काढत होती,
मान वर न करता म्हणाली,
"माझा, माझी जरा जास्त होतंय."

धक्क्याजवळ लाइनेचं घर. वय एक्याऐंशी.
म्हटलं, जाता जाता प्रेशर बघू.
एकशे नव्वद.
गोळ्या घेता ना, विचारलं, जरा आवाज चढवूनच.
तिनं माशांचा जुना डबा उघडला:
आत अर्ध्या अर्ध्या गोळ्या,
पाव कापायच्या सुरीनं कापलेल्या,
कडा भुरभुरलेल्या.
तळाची पांढरी पूड ती बोटानं टिपून घेते म्हणाली,
वाया कशाला घालवायची.

"माल्लेनं दुकानात दुसरी दाखवली होती, पाव किमतीला.
मी म्हटलं, नको बाई.
डॉक्टरांनी लिहिलीय ती ही नव्हे."

माझ्या हाताला गुण आहे म्हणतात या बेटावर.
त्या हातानं मी एकशे नव्वद लिहीत होतो,
आणि पेनावर, निळ्या अक्षरांत,
त्याच गोळीचं नाव होतं.

सभेत ऊर्वे माझ्याआधी बोलली.
तिच्याकडचा एक मुलगा, फिट्स येणारा,
चार वर्षं एकाच कंपनीच्या गोळीवर शांत.
"तो ट्रॅक्टर चालवतो," ती म्हणाली,
"बदला गोळी, आणि मग बांधावर कोण उभं राहणार, तुम्ही?"
टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या.
खरंच होतं ते.

माझी पाळी आली तेव्हा पाठ केलेलं सगळं
कुठल्या कुठे गेलं.
मी सुरीबद्दल बोललो.
किती पूड सांडते एका गोळीतून, ते बोटांनी दाखवलं,
चिमूटभर.
मग म्हटलं, नियम घेऊ या,
पण चिठ्ठीवर एक ओळ मागून घेऊ:
बदलू नये, कारण अमुक.
आणि कारण लिहायची लाज वाटली
तर ती ओळ रिकामी ठेवू.

मागून आर्वो म्हणाला, "गेलास का मंत्रालयाकडे?"
वीस वर्षांपूर्वी आम्ही दोघांनी एकाच सभागृहात
एकच शपथ घेतलेली.
त्याला उत्तर सुचलं नाही.

परतताना अंधार. दोन्ही बाजूंना रोवलेल्या
जुनिपरच्या फांद्या दिव्यात येत, जात.
पट्टा लावला नाही म्हणून गाडी सव्वीस किलोमीटर
टिंग टिंग करत राहिली.
तिला कुणी सांगितलेलं नाही खाली काय आहे.
पलीकडचा काठ लागला, चाकांखाली माती आली,
तसा हात आपोआप पट्ट्याकडे गेला.

गुरुवारी लाइनेकडे नवी गोळी घेऊन गेलो.
डब्यावर चिकटपट्टी लावून द्रव्याचं नाव
मोठ्या अक्षरांत लिहिलं, पेन्सिलीनं.
रोज एक. अख्खी.
तिनं गोळी उलटीसुलटी करून पाहिली.
"ही पण तुमचीच ना?"

हो म्हणालो.
खोटं बोललो का,
ते अजून ठरवलेलं नाही.