शून्य-शून्य

पहाटे पाचला चुन्याचं पोतं सायकलीवर.
बावीस वर्षं मीच मारतो रेषा,
ओली सुतळी ताणून, पाठमोरा चालत,
पुढं तोंड करून चाललं की रेघ वाकते.
आमच्या भागात सीमा म्हटलं
की शहाण्यासुरत्या माणसांचा आवाज चढतो.
माझी सीमा चुन्याची.
म्हशी तुडवून जातात, मी परत मारतो.

खासबाग रोव्हर्स, स्थापना एकसष्ट.
रोव्हर्स म्हणजे काय, कुणालाच ठाऊक नव्हतं.
कॅम्पातल्या बँडवाल्यानं नाव सुचवलं,
पेंटरनं बोर्डावर 'रोवर्स' लिहिलं,
उरलेल्या 'ह'चे पैसे कापून घेतले म्हणतात.
जर्सी जांभळी, कारण त्या साली
लुगड्यांच्या रंगाऱ्याकडं जांभळाच शिल्लक होता.

यंदा चौदा मॅच. जिंकल्या दोन,
त्यातली एक, समोरचे सहाच जण आले म्हणून.
भरमाण्णाचा गुडघा गेला गणपतीच्या आधीच.
इनास कतारला.
सोमलिंगच्या घरचे चारही माग भंगारात निघाले,
तो आता पुण्यात पार्सलं वाटतो
आणि रविवारी फोन करतो: किती झालं?
मी सांगतो.
तो म्हणतो, बरं.
मागं कुणाच्या तरी दाराची बेल वाजत असते.

काल शेवटची. जिंकलो तर बी डिव्हिजन,
नाहीतर सी.
माणसं नव्वद असतील, चहावाला धरून.
खेळ असा की सांगण्यासारखं काही नाही,
चेंडू बहुतेक वेळ वरच होता,
गल्लीतली पोरं पतंग बघतात तसे आम्ही माना वर करून.

आणि अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला कॉर्नर.
आमचा गोली मलिकजानसुद्धा पुढं गेला,
कुणाच्या तरी खांद्याला, पाठीला, बुटाला लागून
चेंडू त्यांच्या गोलीच्या कुशीखाली सरकला
आणि थांबला.
माझ्या रेषेवर.

हिरेमठ सर धावत आले, वाकले.
आयुष्यभर भूमिती शिकवलेला माणूस,
शिट्टी दातात, एक डोळा मिटलेला.
भरमाण्णा काठी टेकत मैदानात:
काय बघूलाय सर, आत हाय की!
सरांनी चेंडूवरचा चुना बोटानं पुसला,
बोट बघितलं,
म्हणाले, इल्ला.
ते कळायला कुणालाच काही अडचण आली नाही.

मग दोन मिनिटं. मग लांब शिट्टी.
त्यांच्या पोरांनी आमच्या पोरांना हात दिले,
मलिकजाननं हातमोजे काढून चहावाल्याच्या बाकड्यावर ठेवले
आणि तिथंच विसरला.

फोन आला. किती झालं?
शून्य-शून्य.
म्हणजे हरलो न्हाई की!
न्हाई.
मग?
खाली गेलो.
या वेळी तो बरं म्हणाला नाही.
बेलही वाजली नाही. वाट बघत होतो मी बेलची.

अंधार पडताना एकटाच परत गेलो.
खांबाची जाडी चार बोटं.
रेषा तेवढीच हवी, नियम आहे, मला पाठ आहे.
पहाटे चुना ओला होता, डबा जड चालला,
गोलजवळ मी हात जरा सैल सोडला होता,
छान ठसठशीत दिसेल म्हणून.
बोटं ठेवून मोजली.
सहा.
परत मोजली. हात बदलून मोजली.
चपलेनं बाहेरची दोन बोटं पुसली,
मग सगळीच पुसली, खांबापासून खांबापर्यंत.

कुणाला सांगितलेलं नाही.
हिरेमठ सरांना सांगावं का? त्यांना झोप लागत असेल,
का मोडावी?

सी डिव्हिजनला मैदान विटभट्टीमागचं,
चुना आपापला आणायचा.
दोनेक किलो उरलाय.
पत्र्याच्या डब्यात भरून, वर प्लास्टिक बांधून
माळ्यावर ठेवलाय,
ओल लागू नये म्हणून.