भिंतीपुरतं

यल्लप्पा धोत्रे, वय एकसष्ट, गवंडी, जनता वसाहत.
संमतिपत्रावर सही केली ती थापी धरल्यासारखी,
पेन मुठीत, अक्षरं ओळंब्यात.
मग विचारलं, म्याडम, सुई कुठवर जानार?

कागद उलटा करून मी तीन रेघा काढल्या.
पोटाच्या बाजूला स्नायूंचे तीन थर,
आतल्या दोघांच्या मधून नसा धावतात.
औषध तिथं सोडायचं,
दोन्ही अंगांना वीस-वीस मिली.
तो म्हणाला, म्हंजे गिलाव्याखालची वायरिंग.
चौदा वर्षं समजावते आहे मी हे.
इतकं सोपं कधी सुचलं नव्हतं.

तीन तास लागले. आतड्याचा वीतभर तुकडा
बरणीत गेला, बरणीवर नाव.
सर्जन हातमोजे काढून चहाला गेले
आणि मी सोनोग्राफीच्या पडद्यावर
त्याची भिंत वाचत बसले:
करडे पट्टे, पांढऱ्या कडा,
खाली काहीतरी सुस्त, ओलसर.
सुई तिरकी, चकाकत्या काडीएवढी.
बोटांना एक बारीक टक् जाणवते,
मग दुसरी.
थांब.
औषध उतरतं, थर एकमेकांना सोडतात,
मध्ये आंब्याच्या कोयीएवढी काळी जागा.
दर वेळी मी तेव्हा श्वास धरते.

संध्याकाळी वॉर्डात,
बाहेर सिंहगड रोडचे हॉर्न.
"खोका बघू."
तो भीत खोकला. मग जोरात.
मग कुणी सांगितलं नसताना तिसऱ्यांदा,
स्वतःवर खूश होऊन.
"अवो, टाकं!" म्हणत बायको उठली, डबा कलंडला.

पहाटे तीनला बोलावलं नव्हतं कुणी,
मीच गेले.
जागा होता, छताच्या कोपऱ्याकडे बघत.
दुखतंय?
"भिंत गप हाय. आत कुनीतरी फिरतंय."

खरं होतं. आमच्या त्या फटीतून जातात
त्या फक्त भिंतीच्या नसा.
आतल्यांची वाट वेगळी, खोल,
तिथं माझी सुई गेलीच नव्हती.
पुस्तकात हे एका ओळीत आहे.
सलाइनमधून थोडं औषध दिलं
आणि स्टुलावर बसले. काय बोलायचं ते सुचेना.

त्यानंच बोट वर केलं:
"त्या कोपऱ्यात ओल हाय, बगितली?
वरनं रंग मारलाय. पन ओल पायपातली.
रंगाचा दोस न्हाई.
रंगानं त्याच्यापुरतं केलंय."

मग बराच वेळ काही नाही.
मग, "बरनीचं कधी कळंल?"
आठ दिवस लागतात, म्हटलं.
"आन ही गप बसल्याली भिंत?"
दुपारपर्यंत. फार तर चारपर्यंत.

"मंग तवर खोकून घेतो," म्हणाला,
उशी पोटाशी धरली
आणि खोकला.