बाकीचे आठ

दारूखान्यातले ट्रक रात्री दोननंतर थांबतात.
त्याआधी मोजण्यात अर्थ नाही;
रस्त्यावर कुणी जहाजाचा पत्रा जरी उतरवला
तरी माझ्या आलेखात डोंगर उगवतो.

दोन वाजता आंतोन डाबरे पंप चालू करतात.
नऊ पिस्टन, सेकंदाला पंचवीस फेरे,
म्हणजे दोनशे पंचवीस ठोके.
तेल वाहतं, असं आपण म्हणतो.
खरं तर ते ढकललं जातं, पुन्हा ढकललं जातं,
आणि त्याच्यापेक्षा कितीतरी पुढे
त्याचा धक्का निघून गेलेला असतो.

दोन मीटरचा होज. रबर, आत तारेची दुहेरी वीण.
या टोकाला एक सेन्सर, त्या टोकाला एक,
तिसरा होजच्या पाठीवर, मेणाने चिकटवलेला.
मेण मी बोटांत मळून घेते. चटका बसतो थोडा,
मग सवय होते.

लाट दोन मिलिसेकंदांत पोचते.
पोलादी पाइपात याहून लवकर पोचली असती;
रबर फुगतं, तिला म्हणतं, टेक जरा.
बारा बार शिरतात. चार निघतात.
मी वहीत लिहिते : होज चांगला.

"आणि बाकीचे आठ?"
डाबरेकाका विचारतात,
वसईच्या बाजारात सुट्टे मोजून घ्यावेत त्या आवाजात.
काही उलटे फिरले पंपाकडे, मी सांगते,
काही रबराने खाल्ले, त्याची ऊब झाली,
काही भिंतीतून थरथरत बाहेर.
"बाहेर म्हणजे कुठे?"
याला माझ्याकडे रकाना नाही.

मग ते वाकतात, होजला गाल लावतात.
नेहमीच लावतात. मला वाटायचं,
जुन्या फिटरची ऐट.
"क्रिम्पपाशी कुरकुरतोय," म्हणाले,
आणि खरंच, पडद्यावर सहाशे पंचाहत्तरला
एक रेघ ताठ उभी.

"हात लावून नाही का कळत, काका?"

"कळायचं की.
गोदीत एकतीस वर्षं चिपिंग हॅमर धरला.
आता बोटं पांढरी पडतात, पंख्याखालीसुद्धा.
गाल तेवढा राहिलाय." हसले. "तोही डावाच."

पंप बंद केला. तेल बराच वेळ
स्वतःशी काहीतरी पुटपुटत राहिलं.
सेन्सर काढला, मेण खरवडलं,
पुन्हा दिव्यावर धरून मऊ केलं
आणि का कोण जाणे, गोळी त्यांच्या बोटांत दिली.

गरम आहे का, मी विचारलं.

त्यांनी ती दाबली, फिरवली, उजेडात धरली.
"तू सांग," म्हणाले.