पाण्यात पाहणे

मॅकग्लॅशनसाहेबांकडे मी सकाळी सातला पोचते.
आधी त्यांच्या गोळ्या, मग माशांचा दिवा.
क्रम उलटा हवा, असं त्यांचं म्हणणं.

तळमजल्याचं घर. खिडकीबाहेर ग्लासगो,
न वाळलेल्या टॉवेलसारखं.
भिंतीला टेकून पाच फुटी काचेची पेटी,
आणि आत निळे, पिवळे, पट्ट्यापट्ट्यांचे
बत्तीस जण,
अक्षरशः एकमेकांना पाण्यात पाहणारे.

पहिल्या दिवशी त्यांनी विचारलं, कुठली गं तू?
म्हटलं, मलावी. न्खाटा बे. सरोवराकाठची.
कवळी सावरत म्हणाले,
"मग ये, तुझे गाववाले बघ."

गाववालेच. हा काळ्या पट्ट्यांचा निळा
आमच्या धक्क्याखालच्या खडकांत असायचा.
आम्ही त्यांना म्बुना म्हणतो.
मी आठ वर्षांची, फळीवर पालथी पडून
शिळ्या न्सिमाची गोळी दोऱ्याला बांधून सोडायची.
एवढं सांगितलं.
पुढचं नाही सांगितलं.

इथलं पाणी डोंगरातल्या तळ्याचं, मऊ,
चहाला गोड, साबणाला उदार.
या माशांना सोसत नाही.
म्हणून दर शनिवारी बादलीत सोडा, जुलाबाचं मीठ,
गाळणीत पोवळ्याचा चुरा.
चाळीस वर्षं गोदीत जहाजांचे पत्रे जोडलेला माणूस
परीक्षानळीत थेंब मोजतो, श्वास धरून:
सहा... सात... आठ...
"हं. आता जड झालं."
तिसरा हिस्सा बदलायचा, त्याहून जास्त नाही.
बादली आता मी उचलते.
त्यांना ते आवडत नाही, म्हणून ते तेव्हा
वर्तमानपत्र वाचतात. कधीकधी उलटं.

"मांस घालू नकोस.
दगडावरचं शेवाळ खरवडणारी पोटं ही,
लाड केलेस तर फुगून मरतील.
आणि दोनच नर कधी ठेवू नकोस. त्यातला एक मरतो.
दाटी असली की मार वाटला जातो,
कुणा एकट्याच्या वाट्याला येत नाही."
हे त्यांनी गोदीत शिकलं की पेटीपाशी,
मी विचारलं नाही.

मार्चमध्ये निळ्याने अख्खा डावा कोपरा बळकावला.
दोघांचे पंख फाटले, एक जण नळीमागे
उभाच्या उभा लपून राहिला.
"काढू त्याला?"
"नको. दगड हलव."

खांद्यापर्यंत हात घातला.
मोठा खाली, चपटा तिरका, मध्ये फट, वर फट.
हाताला ठाऊक होतं कुठला कुठे बसतो,
मला नव्हतं.
बाही पिळत बघत राहिले:
कुणाचंच घर घर उरलं नव्हतं.
निळा काचेपाशी उभा,
चिठ्ठीवरचा पत्ता न सापडलेल्या माणसासारखा.
तासाभराने सगळे शेजारी झाले.
म्हणजे भांडत होते, पण थोडं थोडं.

मे महिन्यात पिवळी खाईना.
आजारी असेल, असं मला वाटलं.
"गळा बघ तिचा," साहेब म्हणाले.
जबडा फुगलेला, ओठ मिटलेले.
तोंडात पिल्लं.
मूग गिळून बसावं तशी एका फटीत बसलेली.
"तीन आठवडे काही खाणार नाही ती."

मी म्हटलं, माझी लुसुंगु सात वर्षांची आहे.
आईकडे असते.
ते लापशी ढवळत राहिले, निवली तरी.

ती शांतता मला जड झाली, आणि मी
सांगूनच टाकलं:
लहानपणी हे मासे आम्ही काडीला टोचून
भाजून खायचो. मीठसुद्धा न लावता.

त्यांनी चमचा खाली ठेवला.
पेटीकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.
"अठरा पौंडांना एक," म्हणाले.
मग बऱ्याच वेळाने,
आवाज उगाच खाली आणून,
जणू काचेपलीकडे ऐकू जाईल:

"लागतात कसे?"

"काटेच फार."