बारा पूर्णांक चार

रात्री तीनच्या सुमारास फ्रिज मान टाकायचा.
फिन्सच्या गोट्यांच्या किनाऱ्यावर व्हॅन लावलेली,
जून महिना, समुद्रसुद्धा कोमट,
आणि मी अंधारात चाचपडत
दुधाच्या पिशवीला हात लावून विचारायची,
गेलीस का?

पहिल्या शुक्रवारी ताक गेलं.
दुसऱ्या शुक्रवारी अख्खी सुरमई,
मसाला लावलेली.
मग नवी बॅटरी घेतली, अडतीस रियाल,
पावती जपून ठेवली, हिशेबनीस ना मी.
तिसऱ्या शुक्रवारी, तीन वाजता,
तोच लाल दिवा.

सूरच्या सनायात परकारांचं दुकान आहे.
मूळ दाभोळचे. सत्तावीस वर्षं त्याच शटरखाली.
म्हणाले, "बाई, बॅटरीला शिव्या घालू नका,
ती बिचारी भरलेलीच आहे."
फ्रिज चालू ठेवला, मीटर काढला,
लाल सुई इकडे, काळी तिकडे :
बारा पूर्णांक चार.
मग गुडघ्यांवर बसून फ्रिजच्या पाठीमागे शिरले,
तिथून नुसता आवाज आला :
अकरा पूर्णांक तीन.

म्हणजे एक व्होल्ट आणि वर थोडं
वाटेतच संपत होतं.
आधीच्या मालकाने ओढलेली वायर
त्यांनी चिमटीत धरून दाखवली, शेवईएवढी.
दिवसा सोलर तिची लाज राखायचं,
रात्र चढली, बॅटरी जरा उतरली,
की त्या टोकाला पोचायचं ते पुरेसं नसायचं,
आणि फ्रिज शहाण्यासारखा स्वतःला बंद करून घ्यायचा.
"लांबी किती धरलीत?"
"सहा मीटर."
"बारा. जाणारी सहा, येणारी सहा.
परतीची वायर कुणी मोजतच नाही."

मला वाटलं ते पुढे काही बोलतील.
ते पाना शोधत होते.

करंगळीएवढी जाड केबल ओढली.
फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरावर,
"लांब बसवलात तर मधली वायर जळेल
आणि फ्यूजला कळणारही नाही."
मग सीटखालची काळी डबी ठोकून म्हणाले,
ही रिले. इंजिन चालू असलं की दोन्ही बॅटऱ्या एक,
किल्ली फिरवली की टक्, वेगळ्या.
एक बॅटरी निघण्यासाठी असते,
दुसरी राहण्यासाठी.
निघण्याच्या बॅटरीवर पंखा, दिवे, फ्रिज चालवला
तर सकाळी गाडी जागची हलत नाही.

"आम्ही एकाच बॅटरीवर चालवलं सगळं,"
हे मात्र त्यांनी व्हॅनला सांगितलं, मला नाही.
तेवढ्यात एक बलुची पिकअप घेऊन आला,
डायनॅमो गेलेला,
आणि ते बोनेटखाली दिसेनासे झाले.
साडेसात रियाल. पावती मागितली नाही.

चौथा शुक्रवार. फिन्स.
झोपले नाहीच. कॉम्प्रेसरची घरघर ऐकत पडले,
हाताशी मीटर, कपाळावर टॉर्च,
ताप मोजावा तशी दर तासाला उठत.
तीनला दहा मिनिटं कमी असताना
घरघर थांबली.

उठून बसले. लाल दिवा नव्हता.
फ्रिजच्या टोकाला बारा पूर्णांक एक.
झाकण उघडलं, दुधाची पिशवी
बोटांना झोंबेल इतकी गार.
तो दमला नव्हता.
त्याला तूर्त काही नको होतं, एवढंच.

इतक्या वर्षांत मला
थांबण्याचा हा प्रकार माहीत नव्हता.
झाकण लावलं, टॉर्च विझवला.
बाहेर लाट गोट्यांवरून मागे सरताना
खळखळत होती,
पुढे येतानापेक्षा
जरा जास्तच वेळ.